उभी असताना गाडी तापते, पळायला लागली की निवळते: रेडिएटर बदलण्याआधी फॅन तपासा

तुम्ही लिहिलंय की मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावरच असतो, सिग्नलला किंवा गर्दीत थोडा वेळ उभं राहिलं की चढतो आणि गाडी पळायला लागली की परत खाली येतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) बदलून झालाय, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) भरलेलं आहे आणि आता तुम्हाला रेडिएटर बदलायला सांगितलंय. गाड्या दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: रेडिएटरवर आत्ताच पैसे घालू नका.

गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. उभी राहिली की ते काम एकट्या फॅनवर येतं. आतून चोंदलेला रेडिएटर किंवा अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट सहसा वेगात, चढावर, भार असताना जास्त त्रास देतो, कारण इंजिनाची उष्णता तेव्हाच जास्त असते. तुमचं नेमकं उलट आहे. त्यामुळे माझा पहिला संशय फॅनवर.

एसी बंद ठेवून गाडी जागेवर चालू ठेवा आणि बघत राहा. बहुतेक गाड्यांत कूलंट ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचलं की फॅन सुरू होतो आणि तापमान काही अंश उतरलं की थांबतो. डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो आणि हलतो तोवर तापमान बरंच वर गेलेलं असतं. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावला की खरा आकडा दिसतो. हात, कपडे फॅनपासून लांब ठेवा; इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

फॅन सुरूच झाला नाही, तर एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरायला लागतो. फिरला, तर मोटर शाबूत आहे. दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये, त्याच्या कनेक्टरमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधा. एसी लावूनही हलला नाही, तर आधी फ्यूज बघा, मग रिले (फॅनला वीज जोडणारा-तोडणारा स्विच). फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, तर दोघांची अदलाबदल करून लगेच खात्री होते. तरीही नाही, तर मोटरचा कनेक्टर काढून बॅटरीतून फ्यूज असलेल्या वायरने थेट १२ व्होल्ट द्या. तेव्हाही गप्प असेल किंवा लाकडी काडीने पातं ढकलल्यावरच फिरत असेल, तर बहुधा मोटरमध्ये वीज पोचवणारे ब्रश झिजलेत आणि मोटर बदलायला हवी. काही गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. हळू वेगाचा रेझिस्टर जळला की फॅन उशिरा, एकदम मोठ्या वेगानेच सुरू होतो, आणि मधल्या काळात काटा चढतो.

फॅन फिरतोय म्हणून तो विषय लगेच सोडू नका. बरेच जण इथेच फसतात. फॅन रेडिएटरच्या मागे बसवलेला असेल, तर समोरच्या जाळीवर कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटायला हवा. उडून पुढे आला, तर मोटर किंवा कनेक्टर बदलताना वायरी उलट्या जोडल्या गेल्यात आणि फॅन हवा उलटी ढकलतोय. कागद ढिला राहिला, तर मोटर दमलीये, नाहीतर फॅनभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर तुटलंय किंवा काढून टाकलंय. त्या कव्हराशिवाय फॅन पूर्ण रेडिएटरमधून हवा ओढू शकत नाही, ते परत बसवाच. एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढे असलेली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीतही बघा. तिथे किडे, धूळ, पानं यांचा थर साचतो, तो समोरून दिसत नाही. इंजिन गार असताना कमी दाबाचं पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारून धुवा; जोराचा फवारा मारला तर रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात.

आता कूलंट. बाटली भरलेली आहे म्हणजे सिस्टीम भरलेली आहे असं नाही. थर्मोस्टॅट बदलताना आत हवा अडकू शकते. सेन्सर त्या हवेत आला, तर त्याला खरी उष्णता कळत नाही आणि फॅनला वेळेवर हुकूम मिळत नाही. हीटर लावून बघा: जागेवर गार हवा आणि रेस दिली की गरम हवा येत असेल, तर आत हवा आहे, कूलंट कमी आहे किंवा वॉटर पंप कमजोर झालाय. हवा काढायची तर इंजिन पूर्ण गार असतानाच कूलंटचं झाकण उघडा, गाडीचं तोंड थोडं उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर लावा, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर तो ढिला करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत राहा. गरम असताना झाकणाला हात लावू नका, उकळतं कूलंट अंगावर उडतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल, तर झाकणही बदला. साधारण १ बार दाब टिकला तरच कूलंटचा उकळबिंदू १२० अंशांच्या पुढे राहतो.

कितीही हवा काढली तरी बुडबुडे येतच राहिले, गार इंजिन सुरू करताच होज पाइप टणक झाले किंवा गळती नसताना कूलंट घटत राहिलं, तर हेड गॅस्केटची (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) चाचणी करून घ्या. तोवर गाडी चालवू नका.

रेडिएटरचा नंबर या सगळ्यानंतर. इंजिन नीट तापवून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या पृष्ठभागावर जागोजागी तापमान मोजा. कूलंट आत येतं त्या बाजूकडून बाहेर पडतं त्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरत गेलं, तर रेडिएटर ठीक आहे. मध्येच एखादा पट्टा गार लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत आणि तेव्हा तो जरूर बदला.