प्लास्टिकवरचा रंग काढायला थिनर चालेल का?

तुमचा प्रश्न असा: घर रंगवताना स्विचबोर्ड, खुर्ची आणि कपाटाच्या पारदर्शक झडपेवर रंगाचे शिंतोडे उडाले, ते थिनरने काढू का? थिनर नको, ॲसिटोनही नको. रंगाला धरून ठेवणारं बाइंडर आणि प्लास्टिक, दोन्ही शेवटी पॉलिमरच (लांब साखळीसारखे रेणू), त्यामुळे रंग विरघळवणारं द्रव्य प्लास्टिकलाही विरघळवू शकतं. एबीएस आणि पॉलिस्टायरिन ही कडक प्लास्टिकं ॲसिटोनमध्ये चक्क विरघळतात. डाग निघेल, पण खालचा भाग चिकट होऊन बोटांचे ठसे कायमचे उमटतील.

आधी वस्तू उलटी करून त्रिकोणातला आकडा बघा, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. २, ४ किंवा ५ असेल तर नशीबवान आहात. ही मेणचट प्लास्टिकं, त्यांच्यावर रंग नीट धरतच नाही. कोमट साबणपाण्यात भिजवून नखाने उचकटला की पापुद्रा निघतो. खुर्ची बहुधा याच जातीची असेल. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, तिथे सगळ्यात जपून. आकडाच नसेल तर नाजूक समजूनच चाला.

भिंतीचा रंग इमल्शन (पाण्यात मिसळायचा) असेल तर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घाला, त्यात फडकं भिजवून डागावर २० मिनिटं ठेवा. नुसतं ठेवायचं, घासायचं नाही. रंग फुगला की जुन्या प्लास्टिक कार्डाची कड जवळजवळ आडवी धरून ढकला. ब्लेड आणि तारेची घासणी लांबच ठेवा. स्विचबोर्डला मात्र ओलं फडकं लावूच नका. मेन स्विच बंद करून पट्टी खोला आणि बाजूला नेऊन साफ करा.

महिनाभर वाळलेल्या डागाला पाणी दाद देणार नाही. तिथे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ते ९९ टक्केवाल्यापेक्षा सावकाश उडतं, म्हणून रंगात मुरायला वेळ मिळतो. आधी मागच्या बाजूला कानकाडीने लावून २ मिनिटं थांबा. कापसावर प्लास्टिकचा रंग आला किंवा जागा बोटाला चिकट लागली तर तिथेच थांबा. सगळं ठीक वाटलं तर भिजवलेला कापूस डागावर ठेवून वरून पातळ प्लास्टिकचा कागद दाबा, ५ मिनिटांनी एकाच दिशेने पुसा. दर वेळी कापूस नवा, नाहीतर सुटलेला रंगच आजूबाजूला पसरतो. खिडक्या उघड्या ठेवा. अल्कोहोल लावलेल्या जागेवर हेअर ड्रायर फिरवायचा मोह आवरा, वाफ पेट घेते.

दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट वेगळा. पहिल्या एक-दोन दिवसांत मिनरल टर्पेंटाइनच्या ओलसर फडक्याने तो निघतो, मग लगेच साबणपाण्याने धुवायचं. पॉलिस्टायरिनवर मात्र तेही ठेवून देऊ नका, तडे जाऊ शकतात. पूर्ण वाळल्यावर टर्पेंटाइनचा फारसा उपयोग नाही, कारण हा रंग नुसता सुकत नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतो. मग अल्कोहोल आणि कार्ड, तीन-चार फेऱ्या. हार्डनर (रंग कडक करणारं दुसरं द्रव्य) मिसळून लावलेला रंग असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नाद सोडा. तो सुटेपर्यंत प्लास्टिकच जाईल.

पारदर्शक झडप ॲक्रिलिकची असेल तर अल्कोहोल टाळा. कापलेल्या कडेला आणि स्क्रूच्या भोकांभोवती ताण असतो. तिथे अल्कोहोल लागलं की केसासारख्या बारीक भेगा पडतात, कधी कधी काही दिवसांनी दिसू लागतात. अमोनियावाला काच-क्लीनरही नको. साबणपाणी, मऊ सुती कापड आणि भरपूर धीर.

खरखरीत पोताच्या वस्तूत रंग खळग्यांत बसतो, कार्ड वरवर फिरतं. मऊ टूथब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून गोल फिरवा. पांढरा जादुई स्पंज मात्र इथे नको, तो मुळात बारीक पॉलिश पेपरच आहे, पोत गुळगुळीत करून टाकतो.

शेवटी पांढुरकं सावट उरलं तर त्यावर ओला, स्वच्छ कापूस फिरवा. कापूस मळला तर रंग अजून आहे, आणखी एक फेरी करा. कापूस कोरा राहिला आणि सावटही तसंच असेल तर पृष्ठभाग घासला गेलाय. गुळगुळीत प्लास्टिकला प्लास्टिक पॉलिशने थोडी चमक परत येते, खरखरीतला नाही.