लाइट गेल्यापासून उबंटू 'इमर्जन्सी मोड'मध्येच अडकतंय, फॉरमॅट मारू का?

नका मारू. तुम्ही लिहिलंय की दीड मिनिट 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ दिसते आणि मग काळी स्क्रीन येते. उत्तर त्या दीड मिनिटातच आहे. सिस्टमडी (उबंटू सुरू करणारा प्रोग्राम) डिस्कची ९० सेकंद वाट बघतं, ती नाहीच आली तर बूट तिथंच थांबवतं. त्या ओळीत डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख-नंबर असतो, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीची मशिनं मी बघतो. एकदा सौद्याच्या ऐन वेळेला फोन आला, "मशिन गेलं." रात्री लाइट गेली होती, म्हणून मीही नवा उबंटू पेनड्राइव्हवर घेऊनच निघालो. जाऊन बघतो तर स्क्रीनवरचा नंबर मेन डिस्कचा नव्हताच. तो बॅकअपच्या यूएसबी डिस्कचा होता, आणि ती डिस्क दिवाणजी पिशवीत घालून मिरजेला घरी घेऊन गेले होते. एरवी ते मशिन महिनोन् महिने बंद होत नाही, त्यामुळे लाइट जाईपर्यंत कुणाला पत्ताच नव्हता. सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये असते, आणि तिच्यात त्या डिस्कची ओळ मीच लिहिलेली. दिवाणजींना काय बोलणार!

तर आता तुमचं. (कमांड इंग्रजीतच टाइप करा, इथं उच्चार लिहितोय.) रूटचा पासवर्ड मागितला तर द्या. 'रूट अकाउंट लॉक्ड' म्हणून अडलं तर उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून मेन डिस्कवरची एफएसटॅब फाइल उघडा. 'ब्लकआयडी' मारलं की जोडलेल्या डिस्कचे नंबर दिसतात, ते /ईटीसी/एफएसटॅबशी ताडून बघा. फॉरमॅट केलेल्या पार्टिशनला नवा नंबर मिळतो, हेही बऱ्याचदा कारण असतं. जी ओळ जुळत नाही तिच्या सुरुवातीला # टाका, म्हणजे ती वाचली जाणार नाही. फाइल सेव्ह होत नसेल तर आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /'. मग 'माउंट -ए' मारून यादीतल्या डिस्क जोडल्या जातात का बघा, काहीच बोललं नाही तर रीबूट करा.

नंबर जुळतोय आणि तरी अडतंय? मग लाइटनं खरंच फाइल सिस्टम बिघडवली असेल. पार्टिशन माउंट (जोडलेलं) नसताना 'एफएससीके' ही तपासून दुरुस्त करणारी कमांड चालवा. पण डिस्क टकटक वाजत असेल किंवा 'डीमेसग' कमांडच्या नोंदींत आय/ओ एरर (डिस्क वाचता-लिहिता न येणं) दिसत असतील, तर आधी डेटा काढून घ्या. अडणारं पार्टिशन विंडोजचं असेल तर विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढा आणि नीट शटडाउन करा.

काढघाल होणाऱ्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०' हवंच, म्हणजे दहा सेकंद वाट बघून डिस्क नसली तरी बूट पुढं जातं. फक्त बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आधी 'माउंटपॉइंट' कमांडनं डिस्क लागलीय का ते तपासा. मी ते केलं नव्हतं. नोफेल टाकल्यावर मशिन झकास सुरू व्हायला लागलं, डिस्क मिरजेत, आणि आठवडाभर बॅकअप मेन डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडत होता.