जोडताऱ्यांमध्ये हलका तारा आधी म्हातारा कसा काय होतो?

तुमचा प्रश्न असा आहे की सगळीकडे लिहिलेलं असतं जड तारे इंधन भसाभस जाळतात आणि लवकर म्हातारे होतात, मग अलगोल ह्या जोडताऱ्यात (म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीत) जड तारा अजून तरुण आणि हलका तारा फुगून म्हातारा, हे उलटं कसं, आणि हे सगळं डोळ्यांनी काही दिसतं का.

आधीच सांगतो, मी खगोलवाला नाही. इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, दिवसभर लोकांचे जीएसटी रिटर्न भरतो आणि थंडीत गच्चीवर दुर्बीण काढतो (बायकोच्या मते रिटर्नची तारीख जवळ आली की जास्तच काढतो). पण ह्या ताऱ्याने एकदा माझा पुरता पोपट केलाय, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो.

उत्तर एका ओळीचंच आहे खरं तर. आज जो हलका दिसतोय तो जन्माला आला तेव्हा दोघांतला जड होता, आणि त्याने आपला बराचसा माल शेजाऱ्याला देऊन टाकलाय. म्हणजे तुम्ही आजचा बॅलन्स बघून वय काढताय, जुनी एंट्री बघितलीच नाही.

आता जरा सविस्तर. अलगोल ययाति तारकासमूहात आहे, आपल्यापासून साधारण ९० प्रकाशवर्षं. नाव अरबी, राक्षसाचं डोकं अशा अर्थाचं. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो मंद होतो, प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत, म्हणजे उजेड एक तृतीयांशाच्याही खाली, आणि साधारण दहा तासांत परत जसाच्या तसा. इटलीच्या मोंतानारीने १६६७ च्या सुमारास हा बदल टिपला होता, पण ठराविक वेळापत्रक आहे हे दाखवलं इंग्लंडमधल्या यॉर्कच्या जॉन गुडरिकने, १७८३ मध्ये. पोरगा लहानपणापासून बहिरा, वय अठरा, आणि सरळ म्हणतो की कदाचित एखादी काळी वस्तू त्याच्याभोवती फिरताना मधे येत असेल. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं त्याला. १७८६ मध्ये गेला, वय फक्त २१. त्याचं म्हणणं पक्कं सिद्ध व्हायला १८८९ उजाडलं, जर्मनीत फोगेलने वर्णपट घेऊन दाखवलं की तारा खरंच कोणाभोवती तरी मागेपुढे होतोय.

ती काळी वस्तू पण ताराच आहे, फक्त पहिल्याच्या मानाने अगदीच मिणमिणता. आकडे बघा म्हणजे तुमच्या प्रश्नातली गंमत कळेल. तेजस्वी ताऱ्याचं वस्तुमान साधारण ३.२ सूर्य, तापमान १२-१३ हजार अंश, निळसर पांढरा, तरुण. दुसरा फक्त ०.७ सूर्य, साडेचार हजार अंश, नारिंगी, आणि आकाराने मात्र पहिल्यापेक्षाही मोठा, सूर्याच्या साडेतीन पट रुंद. (तिसरा पण एक आहे लांबून फिरणारा, ६८० दिवसांत एक फेरी, त्याचा ह्या भानगडीत फारसा संबंध नाही.) आता ०.७ सूर्याचा तारा एकटा असता तर त्याला म्हातारा व्हायला दोन हजार कोटी वर्षांच्या वर लागली असती, आणि विश्वाचंच वय १३८० कोटी. म्हणजे असा फुगलेला ०.७ वाला तारा अजून अस्तित्वातच असायला नको. तुम्ही फक्त उलटं आहे म्हणताय, मी म्हणतो हिशेबाने अशक्य आहे, आणि अशक्य एंट्री दिसली की आमच्या धंद्यात समजायचं पैसे दुसऱ्या खात्यात गेलेत.

दोघांची बेरीज करा, ३.९ सूर्य. ज्याने आधी म्हातारपण गाठलं तो जन्मतः जड, म्हणजे निम्म्याहून जास्त त्याच्याकडे असणारच, दोन सूर्यांच्या वर. आज त्याच्याकडे ०.७ उरलंय. साठ टक्क्यांहून जास्त माल गेला. दोन-अडीच सूर्यांचा तारा शंभर कोटी वर्षांच्या आतबाहेर हायड्रोजन संपवतो, त्यामुळे वयाचा प्रश्न तिथेच मिटतो.

माल गेला कसा, तर दूध उतू जातं तसा. जोडीतल्या प्रत्येक ताऱ्याभोवती एक हद्द असते, तिला रोश लोब म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून. हद्दीच्या आतलं जे आहे ते त्या ताऱ्याचं, बाहेर गेलं की त्याची पकड सुटली. दोन्ही हद्दी मधे एका टोकाला चिकटलेल्या असतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या. हे दोघं एकमेकांपासून फक्त ९०-९५ लाख किलोमीटरवर आहेत, आपला बुध सूर्यापासून ह्याच्या सहापट लांब आहे, तेव्हा हद्दी लहानच. जड ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला, तो फुगायला लागला, तपेल्याच्या काठापर्यंत आला, आणि त्या मधल्या टोकातून वायू शेजाऱ्याकडे सांडायला लागला.

आणि इथे माझी एक तक्रार. यूट्यूबवर जिकडेतिकडे व्हॅम्पायर तारा, शेजाऱ्याचं रक्त पिणारा वगैरे चालू असतं. अहो कोणी काही ओढून पीत नाहीये, देणारा स्वतःच फुगून सांडतोय, घेणाऱ्याच्या फक्त पदरात पडतंय. थंबनेलसाठी ठीक आहे, पण त्याने समज उलटा होतो.

खरी मजा पुढे आहे. घरी दूध उतू गेलं की थोडं कमी होतं आणि खाली बसतं. इथे सांडल्यावर तपेलंच लहान होतं! का ते फुगडीवरून सांगतो. एक धिप्पाड बाई आणि एक बारकी पोर फुगडी खेळतायत, बाई जवळजवळ जागच्या जागी फिरते, पोर लांबून मोठा घेर घेत पळते. आता बाईचं वजन काढून पोरीच्या अंगावर चढवत गेलात तर मधलं वजन घेराच्या कडेला जातंय, आणि कडेच्या वजनाला फिरवायला जास्त जोर लागतो, पण एकूण जोर तर तेवढाच आहे, म्हणून दोघींना जवळ सरकावं लागतं. तारे जवळ आले की हद्द आवळते, हद्द आवळली की अजून सांडतं, सांडलं की अजून जवळ. एकदा सुरू झालं की थांबतच नाही, दोघं सारख्या वजनाचे होईपर्यंत. त्यानंतर गणित फिरतं, आता देणारा हलका झाला, तोच मोठ्या घेरात फिरतोय, अजून दिलं की दोघं लांब जातात, तपेलं मोठं होतं, आणि धबधबा हळूहळू ओसरून शेवटी नुसतं थेंब थेंब. पहिला टप्पा ताऱ्याच्या आयुष्याच्या मानाने चुटकीसरशी उरकतो आणि दुसरा खूप काळ रेंगाळतो, म्हणून आकाशात आपल्याला अलगोलसारखे उरकून बसलेले जोड बरेच सापडतात आणि ऐन धबधब्यात पकडलेले फार कमी. बाय द वे सगळाच माल शेजाऱ्याला मिळतो असंही नाही, थोडा अंतराळात उडून जातो.

त्या धबधब्याचं उदाहरण हवं असेल तर उन्हाळ्या-पावसाळ्यात रात्री अभिजितच्या जवळ बघा, स्वरमंडळात बीटा लायरी नावाचा तारा आहे, तो पण गुडरिकनेच १७८४ मध्ये पकडला. तिथे देणारा साधारण ३ सूर्यांवर आलाय आणि घेणारा १३ वर गेलाय, आणि येणारा वायू इतका आहे की घेणारा त्याच्या जाड चकतीत जवळजवळ लपूनच गेलाय. दोघं आता लांब जातायत, त्यामुळे त्यांचा सुमारे १३ दिवसांचा फेरा दर वर्षी १९ सेकंदांनी वाढतोय. लहान वाटतं, पण गुडरिकपासून आजपर्यंत सव्वा तास झाला. म्हणजे हे सगळं कागदावरचं नाही, घड्याळ लावून मोजता येतं.

ही कल्पना अलगोलसाठी १९५५ मध्ये क्रॉफर्ड नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने नीट मांडली, मग साठच्या दशकात कॉम्प्युटरवर ताऱ्यांची अख्खी आयुष्यं चालवून बघितली तर तसंच निघालं. मला स्वतःला पटलं ते मात्र दुसऱ्याच पुराव्याने. ताऱ्याच्या आतल्या थरात हायड्रोजन जळताना कार्बनचा नायट्रोजन होत जातो, बाहेरच्या थरात नाही. बाहेरचे थर खरंच निघून गेले असतील तर आतला भाग उघडा पडायला हवा. १९८३ मध्ये आपले भारतीय खगोलशास्त्रज्ञ पार्थसारथी आणि त्यांच्याबरोबर लॅम्बर्ट आणि टॉमकिन ह्यांनी अलगोलसारख्याच दोन जोड्यांत देणाऱ्या ताऱ्यांचे वर्णपट बघितले तर कार्बन कमी निघाला. वरचा कोट काढल्यावर आतला शर्ट दिसावा तसं. त्यातली एक जोडी यू सेफी, ती वृषपर्वा तारकासमूहात आहे, म्हणजे ययातीच्या सासरीच.

हां, ययाति. आपल्या लोकांनी ही नावं ठेवली तेव्हा कोणाला ह्यातलं काही माहीत नव्हतं, पण योगायोग बघा. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला राजा पूरूचं तारुण्य मागून घेतो, देणारा म्हातारा दिसायला लागतो आणि घेणारा टवटवीत, आणि आकाशात त्याच राजाच्या समूहात हेच चाललंय. फरक एवढाच की इथे बाप-लेक नाहीत, दोघं एकाच वयाचे. पुराणात ययातीने शेवटी तारुण्य परत केलं, आणि इथेही तेजस्वी तारा एक दिवस फुगेल आणि उलटा शेजाऱ्याकडे सांडायला लागेल. फक्त तोवर शेजारी नुसता गाभा होऊन बसलेला असेल, श्वेत बटू. श्वेत बटूवर असा माल पडत राहिला की काय होतं त्याचा नमुना उत्तर मुकुट तारकासमूहात आहे, टी कोरोना बोरिआलिस, १८६६ आणि १९४६ मध्ये तो अचानक उघड्या डोळ्यांना दिसेल इतका भडकला होता.

आता डोळ्यांनी दिसण्याचं. दिसतं, दुर्बीण नको. डिसेंबरच्या रात्री जेवणानंतर उत्तरेकडे तोंड करून जवळजवळ डोक्यावर बघा, कृत्तिका आणि देवयानी तारकासमूहाच्या टोकाचा तारा ह्यांच्या मधे. ग्रहण नसताना अलगोल त्या टोकाच्या ताऱ्याइतकाच तेजस्वी असतो. त्याच्या अगदी शेजारी ऱ्हो नावाचा एक मंद तारा आहे, स्वतःही थोडा बदलणारा, ग्रहणाच्या मध्याला दोघं जवळजवळ सारखे दिसतात. शहरात ३.४ प्रतीला डोळे ताणावे लागतात, आम्ही महूच्या पुढे जानापावकडे जातो.

माझा पोपट झाला तो असा. पहिल्यांदा बघायचं ठरवलं तेव्हा नेटवरून मध्याची वेळ काढली, रात्री साडेनऊ. काकांना बोलावलं, सराफ्यातून गराडू (आमच्याकडचा तळलेला कंद) बांधून आणले, वर लिंबू आणि जिरावन मसाला, आणि आम्ही गच्चीत. साडेनऊ झाले, दहा झाले, तारा ढिम्म, पूर्ण तेजात. काका म्हणाले, भिया तुझा राक्षस रजेवर दिसतो. साडेदहाला वैतागून खाली आलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ती वेळ ग्रीनिचची होती, आपल्याकडे मध्य पहाटे तीनला होता, आणि ग्रहण नेमकं आम्ही गराडूचे कागद गोळा करत होतो तेव्हा सुरू झालं होतं.

पण एक फायदा असतो, फेरा तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी आहे, त्यामुळे एक मध्य हुकला तर तीन रात्रींनी पुढचा तेवढा लवकर येतो. पहाटे तीनचा पावणेबाराला आला, आणि त्याच्या पुढचा साडेआठच्या थोडा नंतर. पावणेबाराला काका आले नाहीत, साडेआठला आले, गराडू मात्र ह्या वेळी त्यांनीच आणले, आणि वर बघून पहिलं वाक्य काय, तर "अरे, हा खरंच बारीक झालाय की."