कावळा आला, पण शिवला नाही

(वाचकांचे सिनेमाविषयीचे प्रश्न आणि एका संकलिकेची उत्तरं)

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात मी आणि दादानं १९९४चा ‘द क्रो’ पाहिला. मेलेला एरिक कबरीतून उठतो, कावळा त्याला वाट दाखवतो आणि ज्यांनी त्याला व त्याच्या होणाऱ्या बायकोला मारलं त्यांना तो एकेक करून गाठतो. मी रडले. मग मोठ्या उत्साहानं १९९६चा दुसरा भाग, ‘सिटी ऑफ एंजल्स’, लावला. पांढरा चेहरा, काळे कपडे, कावळा, मोटरसायकल, एकामागून एक मुडदे, सगळं होतं. यात तर बापाबरोबर त्याच्या लहान मुलालाही मारतात. तरी मला काहीच वाटलं नाही. दादा म्हणतो, एरिक झालेला ब्रँडन ली नाही म्हणून. एवढंच कारण आहे का?
— एक विद्यार्थिनी, सहकारनगर

उत्तर : दादाचं अर्धं बरोबर आहे. ब्रँडन ली ३१ मार्च १९९३ रोजी गेला, उत्तर कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनमध्ये, याच चित्रपटाच्या सेटवर गोळी लागून. वय २८. क्लोजअपसाठी वापरलेल्या नकली काडतुसाचं टोक पिस्तुलाच्या नळीत अडकून राहिलं होतं आणि ते कुणी तपासलं नाही. पुढे त्याच पिस्तुलात नुसता आवाज करणारं ब्लँक काडतूस भरलं, चाप ओढला आणि ते अडकलेलं टोक गोळीसारखं सुटलं. त्याचं स्वतःचं लग्न अडीच आठवड्यांवर आलं होतं. उरलेले प्रसंग बदली कलाकाराला घेऊन चित्रित केले आणि काही ठिकाणी संगणकाच्या मदतीनं ब्रँडनचा चेहरा बसवला. लग्नाच्या आदल्या दिवशी मारल्या गेलेल्या तरुणाची ही गोष्ट आहे आणि तो तरुण साकारणाराच लग्नाच्या तोंडावर गेला. हे माहीत असताना कोरड्या डोळ्यांनी सिनेमा बघणं अवघडच. मूळ चित्रकथा जेम्स ओबारची, १९८९मध्ये प्रसिद्ध झालेली. त्याची वाग्दत्त वधू एका दारुड्या ड्रायव्हरच्या गाडीखाली गेली होती आणि तेच दुःख त्यानं कागदावर उतरवलं. म्हणजे या सिनेमाखाली दोन खरी दुःखं आहेत. ती कुठल्याही दुसऱ्या भागाला मिळणं शक्य नव्हतं, आणि कुणी तशी अपेक्षाही करू नये.

आपल्याकडचं उदाहरण घे. ‘झपाटलेला’ १९९३चा. दुसरा भाग २०१३मध्ये थ्रीडीत आला, तोवर लक्ष्मीकांत बेर्डेंना जाऊन नऊ वर्षं होत आली होती. तात्या विंचूचा बाहुला परत आला, पण त्या बाहुल्याला घाबरताना ज्याला बघायला आपण जात होतो, तो माणूस नव्हता. माझ्या शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ मध्यंतरात तेवढंच बोलले, ‘लक्ष्या पाहिजे होता.’

पण दादाचं उरलेलं अर्धं मला मान्य नाही. राजामौलींचा २०१२चा ‘ईगा’, हिंदीतला ‘मक्खी’, आठव. त्यात नायक पहिल्या अर्ध्या तासाच्या आसपासच मारला जातो आणि उरलेल्या सिनेमाभर पडद्यावर एक माशी असते. तिला चेहरा नाही, संवाद नाहीत. तरी थिएटरातली पोरं त्या माशीसाठी शिट्ट्या मारत होती. कारण माशी होण्याआधी त्या मुलाला आपण त्याच्या आवडत्या बिंदूच्या खिडकीखाली घुटमळताना पाहिलेलं असतं. त्याचं काय अडकलं आहे हे आपल्याला नेमकं माहीत असतं. तेव्हा नट गेला म्हणून सिनेमा पडलाच पाहिजे, असं नाही.

आता माझं म्हणणं सांगते. मेलेला माणूस परत येतो तो मारामारी करायला नाही. त्याचं काहीतरी राहिलेलं असतं म्हणून येतो. आपल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पुण्यातल्या ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला उभं राहिलेल्या कुणालाही विचार. पिंड मांडलेला असतो, कावळे समोरच्या झाडावर बसलेले असतात, पण खाली येत नाहीत. मग घरातला एकेकजण पुढे होतो, हात जोडतो आणि मोठ्यानं सांगतो : धाकटीचं लग्न करून देऊ, घर विकणार नाही, काकूला अंतर देणार नाही. कधी कुणी पुढे होऊन एखादी अगदी बारीक गोष्ट सांगतं, तुमच्या तुळशीला पाणी घालीन म्हणतं, आणि कावळा शिवतो. ‘काकस्पर्श’मध्ये महेश मांजरेकरांनी सबंध सिनेमा अशा एका न सांगितलेल्या वचनावर उभा केला आहे. पहिला ‘द क्रो’ अमेरिकेत घडतो, पण आपल्याला तो इतका लगेच भिडतो याचं कारण मला इथे दिसतं. आत्म्याचं काय राहिलं आहे, हे कावळ्याला कळतं.

एरिकचं काय राहिलं आहे, हे पहिला सिनेमा वस्तू दाखवून सांगतो. तो उठतो आणि थेट शत्रूकडे जात नाही, आपल्या मोडक्या खोलीत जातो. ज्या वस्तूला हात लावावा त्यातून आठवण अंगावर येते. होणारी बायको शेली हिची साखरपुड्याची अंगठी गहाण दुकानात पडली आहे, तिच्यासाठी तो दुकान उलथंपालथं करतो. सारा नावाची रस्त्यावर वाढणारी मुलगी आहे, तिची आई नशेत बुडालेली. एरिक त्या बाईला मारत नाही, तिच्या दंडातून ते विष बाहेर काढतो आणि तिला मुलीकडे परत पाठवतो. सूडाच्या यादीत हे काम कुठेच नव्हतं.

आणि शेवट. शेली मरण्यापूर्वी तीस तास इस्पितळात तडफडत होती आणि ऑलब्रेख्ट नावाचा पोलीस तिच्या उशाशी बसून होता. एरिक त्याच्या डोक्याला हात लावतो तेव्हा ते तीस तास एरिकच्या आत जातात. शेवटी खलनायकाला हरवताना तो तलवार वापरत नाही. तेच तीस तास, तीच वेदना, एका क्षणात त्याच्या अंगात ओततो. मी वर्गात हा प्रसंग दाखवते तेव्हा मुलांना सांगते, नीट बघा, इथे शस्त्र म्हणून साठवलेलं दुःख वापरलं आहे. पोलिसाच्या प्रसंगात ते दुःख आधी पेरलेलं नसतं, तर या शेवटाला काही अर्थच उरला नसता.

दुसऱ्या भागाकडे बीज वाईट नव्हतं, हीच मला लागून राहिलेली गोष्ट. ॲश नावाचा मेकॅनिक आणि त्याचा मुलगा डॅनी. गुंडांच्या टोळीनं केलेला खून त्यांच्या नजरेस पडतो, म्हणून दोघांना मारून बंदराच्या पाण्यात टाकतात. प्रियकराच्या जागी बाप आणणं हा धाडसी आणि चांगला विचार आहे. पहिल्या भागातली सारा आता मोठी झाली आहे, लॉस एंजलिसमध्ये टॅटू काढते. दिग्दर्शक टिम पोप म्युझिक व्हिडिओतून आलेला. ते पिवळट, धुरकट शहर आणि मृतांचा उत्सव ही सगळी चित्रं त्याच्या डोळ्याची साक्ष देतात. त्याला आणि लेखक डेव्हिड गोयरला पहिल्यापेक्षा वेगळा सिनेमा करायचा होता. निर्मात्यांनी तो पुन्हा कापायला लावला, जमेल तितका पहिल्यासारखा दिसावा म्हणून. पोप आणि गोयर दोघांनीही मग तो सिनेमा आपला मानला नाही. पहिला भाग १०२ मिनिटांचा होता, हा थिएटरात आला तेव्हा ८४ मिनिटांचा उरला होता.

मी आयुष्यभर संकलनाचं टेबल सांभाळलं आहे, म्हणून सांगते, ‘फास्ट करा’ असा निरोप आला की कात्री आधी कुठे लागते. मुडदा पडण्याचा शॉट कुणी काढत नाही, त्यावर पैसे खर्च झालेले असतात आणि ट्रेलरमध्ये तो लागतो. माणूस दारात नुसता उभा आहे, रिकाम्या खाटेकडे बघतो आहे, हा शॉट जातो. ‘यात काही घडत नाही’ म्हणतात. दोन सेकंद इथले, चार तिथले. असे वीस शॉट गेले की उरते ती नुसती यादी : हा मेला, तो मेला, पुढचा कोण. तुला काही वाटलं नाही, कारण वाटून घ्यायला जागाच ठेवलेली नाही. डॅनीला काय आवडायचं, रात्री झोपताना तो बापाकडे कुठला हट्ट धरायचा, यातलं तुला काय आठवतं? आठवत नसेल तर तो तुझा दोष नाही.

चेहरा रंगवण्याचे दोन्ही भागांतले प्रसंग आवाज बंद करून लागोपाठ बघ. पहिल्यात एरिक आरशासमोर एकटा आहे, आठवणी सोसवेनात म्हणून तो स्वतःच्या हातानं चेहरा माखतो. दुसऱ्यात सारा ॲशचा चेहरा रंगवते. का, तर आधीच्याचा तसा होता. पहिला रंग दुःखातून आला आहे, दुसरा पोस्टरवरून.

नियमांचंही तेच. पहिल्या भागात कावळ्याला गोळी लागते आणि एरिकची ताकद जाते. नियम एकच आणि स्वच्छ. दुसऱ्यात खलनायक ज्युडा कावळ्याला मारून त्याचं रक्त पितो आणि स्वतःच बलवान होतो. इथवर मला उत्सुकता होती, मेलेला बाप आता कशाच्या जोरावर लढणार? तर आकाशातून कावळ्यांचा थवा येतो आणि काम उरकतो. असा थवा केव्हाही येणार असेल, तर ॲशनं काही गमावण्याची भीती आपण का बाळगायची?

दादाला माझ्याकडून एवढंच सांग : ॲश झालेल्या व्हिन्सेंट पेरेझला दोष देऊ नकोस. त्या बापाला शोक करायला वेळच दिला गेला नाही.

प्रश्न : याच मालिकेतले पुढचे भाग बघण्यासारखे आहेत का? निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, पण डोळे जपून वापरतो.
— एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : २०००चा ‘साल्वेशन’ एकदा बघा. प्रेयसीच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली विजेच्या खुर्चीत मारलेला मुलगा परत येतो, खरा खुनी शोधतो आणि मुलीची बहीण त्याच्या सोबत असते. निदान शोध आहे, त्यामुळे मन गुंततं. २००५चा ‘विकेड प्रेयर’ सोडून द्या. २०२४मध्ये बिल स्कार्सगार्डला घेऊन गोष्ट नव्यानं केली. त्यात दोघांच्या प्रेमाला आधी भरपूर वेळ दिला आहे, ही मला आवडलेली बाजू. पण मग सौदे, शाप आणि अमरत्व यांचा इतका पसारा होतो की ते प्रेमच हाताला लागत नाही. त्यापेक्षा बिमल रॉयांचा १९५८चा ‘मधुमती’ पुन्हा लावा. तिथे गुन्हेगाराकडून कबुली वदवून घेतात आणि तेवढ्यानंही थिएटर थरारतं.

प्रश्न : मॅडम, आम्ही कॉलेजच्या मुलांनी वीस मिनिटांची शॉर्टफिल्म केली. जुन्या वाड्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईवर चोरीचा आळ घेतात, ती विहिरीत जीव देते आणि परत येऊन मालकाला मारते. तिचा तीन महिन्यांचा पगारही थकलेला असतो. स्पर्धेत बक्षीस मिळालं. आता सगळे म्हणतात भाग दोन करू, मालकाचे दोन भाऊ राहिलेत. एडिटिंग माझ्याकडे आहे. लिंक पाठवली आहे.
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : फिल्म पाहिली. विहिरीवरचा रहाटाचा आवाज तू नंतर वाड्याच्या जिन्यावर वापरला आहेस, ते फार चांगलं जमलं आहे.

भाऊ राहिलेत हे भाग दोनचं कारण होऊ शकत नाही. ते तर फक्त गिऱ्हाईक झाले. बाईचं काय राहिलं आहे ते बघ. तू स्वतःच ते लिहिलं आहेस आणि तुझ्याच लक्षात आलेलं नाही : तीन महिन्यांचा पगार. पहिल्या भागात त्याचा एका वाक्यात उल्लेख आहे आणि मालक मेल्यावर तो विषयच संपतो. पण तो पगार कुणाच्या तरी घरी लागत होता. तिची मुलगी असेल, बहीण असेल. तिला वाड्याच्या दारात उभी कर. ती सूड घ्यायला आलेली नाही, हिशोब मागायला आली आहे. भाऊ तिला आज या, उद्या या करतात. रहाट वाजायला लागू दे. भूत दाखवायची घाई करू नका.

आणखी एक राहिलं आहे, तो चोरीचा आळ. तो पुसला गेलेलाच नाही. मालक मेला तरी गल्लीच्या लेखी बाई चोरच राहिली. हरवलेली वस्तू काय होती, हे तुम्ही पहिल्या भागात सांगितलेलं नाही. ते आता ठरवा, आणि ती वाड्यातच कुठेतरी सापडू दे, चारचौघांसमोर. माझ्या मते भुताला भावांच्या मरणापेक्षा हे जास्त हवं असेल. मग भाऊ जिवंत राहिले तरी चालेल. मित्र नाराज होतील, होऊ देत.

संकलनाला बसशील तेव्हा बहीण उंबऱ्यात बसून नोटा मोजते असा शॉट तुझ्याकडे असेलच, नसेल तर आधी तो घेऊन ये. ती पूर्ण मोजेपर्यंत कापू नकोस. ग्रुपमधला कुणीतरी म्हणेल, स्लो होतंय. तेव्हा धावपळीच्या प्रसंगातून सहा सेकंद काढून दे, पण या शॉटला हात लावू नकोस. शूटिंगच्या आधी पटकथा पाठव, मी वाचीन. विहिरीवर रात्रीचं शूटिंग करणार असाल तर कठड्यापाशी माणूस उभा करा आणि दिवे आधी लावून बघा.