कमी बजेटमध्ये गेमिंग पीसी बनवतोय, दोन-तीन वर्षांनी अपग्रेड करायचाय. एएमडीचा एएम४ सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) घेऊ की एएम५?

अपग्रेड खरंच करणार असाल तर एएम५. एएम४वर आजही गेम मस्त चालतात, पण तो सॉकेट आता शेवटाला आलाय. एएम५ २०२२ साली आला, आणि एएमडीच्या रायझन ७००० व ९००० या दोन्ही प्रोसेसर मालिका त्याच सॉकेटमध्ये बसतात. म्हणजे आत्ता साधा सहा कोअरचा प्रोसेसर घ्या. नंतर फक्त बायॉस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून मोठा बसवा. बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड पुरतो, महागड्या एक्स मालिकेच्या बोर्डची गरज नाही.

रॅमच्या बाबतीत बरेच जण फसतात. 'आत्ता ८ जीबीच्या दोन काड्या, नंतर आणखी दोन' हा हिशोब एएम५ला लागणाऱ्या डीडीआर५ रॅममध्ये जमत नाही. रायझन ७०००ला दोन काड्यांवर अधिकृत वेग सेकंदाला ५२०० मेगाट्रान्सफर मिळतो, चार लावल्या की तोच ३६००वर येतो. त्यामुळे जमत असेल तर सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन घ्या आणि उरलेले दोन स्लॉट विसरा.

पॉवर सप्लायवर मात्र कंजुषी नको. चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा घेतलात तर पुढचं मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्डही त्यावर निभावतं. आत्ताचं कार्ड सेकंडहँड चालेल, तसंही सगळ्यात आधी बदललं जाणार ते तेच. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या, फार विचार करू नका.

कॅबिनेट घेताना आत किती लांबीचं कार्ड मावतं ते मिलिमीटरमध्ये बघा. आरजीबी लाइट्स नंतर कधीही लावता येतात.