अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, गारगोटीला धार येते, मातीचा चिखल होतो. तिन्ही सिलिकेट असूनही हे कसं?

तुम्ही विचारलंय की मुलीच्या पुस्तकात अभ्रक, गारगोटी आणि चिकणमाती या तिन्हींना सिलिकेट म्हटलंय, मग तिन्हींचे गुण इतके वेगळे कसे? आणि त्याला जोडूनच, निपाणीच्या तुमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, पण खानापूरला मामांच्या तांबड्या शेतात पडत नाहीत, ते का? दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकत्रच लिहितो.

मी बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, बरीच वर्षं वाळूच्या विभागात होतो. साच्याची वाळू म्हणजे सिलिका वाळू, त्यात सहा ते दहा टक्के बेंटोनाइट माती, तीन-चार टक्के पाणी आणि थोडी कोळशाची भुकटी. मुलरमधून, म्हणजे हे सगळं मळणाऱ्या यंत्रातून, बाहेर पडलेली वाळू मुठीत दाबायची आणि तो गोळा मोडून बघायचा. कडा स्वच्छ मोडल्या तर वाळू चांगली. वाळूचा कण पाणी पीत नाही, वितळलेल्या धातूच्या रसाच्या उष्णतेत वितळत नाही. बेंटोनाइट मात्र पाणी लागताच फुगतं आणि कणाला कण चिकटवतं. दोन्ही सिलिकेट घराण्यातलेच. हा फरक कुठून येतो हे कळल्यावर मला माझं रोजचं कामच वेगळं दिसायला लागलं.

घरात करून बघा. तीन लिंबं एकमेकांना चिकटवून ठेवा, वर चौथं ठेवा. मध्ये जी पोकळी राहते तीत एक वाटाणा बसेल. लिंबं म्हणजे ऑक्सिजन, वाटाणा म्हणजे सिलिकॉन. या आकाराला चतुष्फलक म्हणतात, आणि अशा तुकड्यांपासून बनलेल्या खनिजांना सिलिकेट. भूकवचाच्या वजनात सुमारे 46 टक्के ऑक्सिजन आणि 28 टक्के सिलिकॉन आहे, त्यामुळे पायाखालचा बहुतेक दगड याच तुकड्यांचा बनलेला असतो. सिलिकॉनचे चार धन प्रभार, चार ऑक्सिजनचे मिळून आठ ऋण. म्हणजे प्रत्येक सुट्या तुकड्यावर चार ऋण प्रभार उरतात आणि ते कुठेतरी भागवावे लागतात. एक तर शेजारच्या चतुष्फलकाबरोबर कोपऱ्यावरचा ऑक्सिजन वाटून घ्यायचा, नाहीतर लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशा धन आयनांना जवळ घ्यायचं. किती कोपरे वाटून घेतले, यावर दगडाचा स्वभाव ठरतो. क्ष-किरणांनी या रचना उलगडण्याचं मोठं काम 1920 च्या दशकात लॉरेन्स ब्रॅग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं.

एकही कोपरा वाटला नाही तर ऑलिव्हीन किंवा गार्नेट. तुकडे सुटे आहेत म्हणून दगड मऊ असेल असं इथे बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नसतं. ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियम आणि लोह सगळ्या बाजूंनी सारखंच घट्ट धरून ठेवतात, म्हणून काठिण्य (1 ते 10 च्या मोह्स मापावर) साडेसहा-सातपर्यंत जातं आणि तो गारगोटीपेक्षा जडही असतो.

दोन कोपरे वाटले की साखळी होते. ती पायरोक्सीन. अशा दोन साखळ्या शेजारी जोडल्या की अँफिबोल. साखळीच्या आतला बंध पक्का, दोन साखळ्यांमधला त्यामानाने हलका, म्हणून हे खनिज साखळ्यांच्या मधून फुटतं. पायरोक्सीनच्या फुटीचे पृष्ठ जवळजवळ काटकोनात असतात (87 आणि 93 अंश), अँफिबोलचे 56 आणि 124 अंशांत. भूशास्त्राची मुलं भिंगातून हाच कोन बघून दोघांना ओळखतात. ठराविक पातळीवर असं सरळ फुटण्याला मराठी पुस्तकात ‘पाटन’ म्हणतात. मुलीला हा शब्द परीक्षेत लागेल.

आता तीन कोपरे. इथे मला जरा थांबायचंय, कारण तुमचं अभ्रक आणि तुमचं रान दोन्ही इथेच आहेत.

तीन कोपरे वाटले की चतुष्फलकांची एक सपाट चादर तयार होते. ही चादर एकटी राहत नाही, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या दुसऱ्या चादरीला चिकटते. पुरणपोळी डोळ्यांपुढे आणा. खाली-वर पारी आणि मध्ये पुरण. पारी म्हणजे सिलिकॉनची चादर, पुरण म्हणजे ॲल्युमिनियमची किंवा मॅग्नेशियमची. अशा पोळ्यांची चळत म्हणजे हे खनिज. पोळी स्वतः मजबूत असते. पोळी आणि पोळी यांच्यामध्ये काय आहे, त्यावर सगळं ठरतं.

पोळीवर प्रभारच नसेल तर मध्ये धरून ठेवायला काही लागत नाही, पोळ्या एकमेकींवरून घसरतात. हे संगजिरे. बोटांना साबणासारखं लागतं, काठिण्य 1, नखाने ओरखडा उठतो.

पारीतल्या दर चार सिलिकॉनमागे एकाच्या जागी ॲल्युमिनियम बसलं तर पोळीवर चांगलाच ऋण प्रभार येतो. तो भागवायला पोटॅशियम येतं आणि पारीतल्या षटकोनी खळग्यात नेमकं बसतं. हे अभ्रक. पोटॅशियम पोळ्या धरून ठेवतं, पाण्याला आत शिरू देत नाही, पण पोळीच्या आतल्या बंधाइतकं ते बळकट नाही. म्हणून नखाने पापुद्रा सुटतो आणि सुटलेला पापुद्रा मात्र लवचीक आणि अखंड राहतो.

आणि प्रभार असूनही थोडकाच असेल तर? तर मधले सोडियम-कॅल्शियम आयन पोळ्यांना सैलसर धरतात आणि स्वतःभोवती पाणी ओढतात. पाणी आत शिरलं की पोळ्या लांब सरकतात, सुकलं की जवळ येतात. हे माँटमोरिलोनाइट. आमचं बेंटोनाइट मुख्यतः तेच, आणि तुमच्या काळ्या मातीतली फुगणारी चिकणमातीही त्याच गटातली. मध्ये सोडियम असेल तर कॅल्शियमपेक्षा जास्त फुगते, म्हणून कॅल्शियम बेंटोनाइटला सोडा ॲश घालून ‘चालू’ करण्याची पद्धत आहे. तुमच्या भेगा म्हणजे मे महिन्यात त्या पोळ्यांमधलं पाणी निघून गेल्याची खूण. मी शहराबाहेर काळ्या मातीवर घर बांधलं तेव्हा पाया पुरेसा खोल घेतला नाही. दर उन्हाळ्यात हॉलच्या भिंतीत एक तिरकी चीर उघडते आणि श्रावणात बुजते. तुम्ही त्या रानात कधी बांधणार असाल तर माती काढून मुरूम भरल्याशिवाय आणि खाली घट्ट थर लागेपर्यंत पाया नेल्याशिवाय बांधू नका, ही कळकळीची विनंती.

खानापूरची गोष्ट वेगळी. तिकडे कणकुंबीच्या बाजूला पाऊस प्रचंड. पाणी दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बराचसा सिलिकाही वाहून नेतं. उरलेल्यातून केओलिनाइट बनतं. ही अर्धी पोळी समजा, एकाच बाजूला पारी, दुसरीकडे पुरण उघडं. या उघड्या बाजूचा हायड्रोजन पुढच्या पोळीच्या पारीला धरतो, त्यामुळे पाणी मध्ये शिरत नाही आणि माती फारशी फुगत नाही. मामांच्या शेतात भेगा नाहीत त्या म्हणून. हे धुऊन जाणं आणखी पुढे गेलं की जांभा होतो, आणि सिलिका जवळजवळ सगळा निघून गेला की बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. निपाणीकडे पाऊस कमी, त्यामुळे सिलिका आणि मॅग्नेशियम मातीतच राहतात आणि फुगणारी जात तयार होते. दोन्हीकडचा मूळ दगड काळा बेसॉल्ट असला, तरी पाऊस असं वळण लावतो.

खानापूर कौलांसाठी आणि मडक्यांसाठी ओळखलं जातं, त्यामागेही चादरीचीच करामत आहे. ओली असताना पोळ्या पाण्यावरून घसरतात, म्हणून चाकावर आकार देता येतो. भट्टीत 500-600 अंशांच्या आसपास केओलिनाइटमधले हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाणी होऊन निघून जातात आणि ती रचनाच मोडते. म्हणून भाजलेलं मडकं पावसात ठेवलं तरी पुन्हा चिखल होत नाही.

चारही कोपरे वाटले की सगळीकडून जोडलेलं जाळं, म्हणजे गारगोटी, क्वॉर्ट्झ. सगळे बंध सारखेच पक्के, फुटायला सोयीची पातळीच नाही. म्हणून ती शिंपल्यासारखी वळणदार फुटते आणि तिला धार येते. काठिण्य 7, काचेवर ओरखडा उठतो. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटरांवरून कोसळते तो कडा असाच आहे. वाळूचे कण सिलिकानेच एकमेकांना सांधले गेले आणि त्याचा क्वार्टझाइट झाला, म्हणून इतक्या पुरातही तो कडा टिकून आहे. फेल्स्पारही जाळंच आहे, पण काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम आणि पोकळ्यांत पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम असतं. त्याला दोन दिशांत पाटन आहे आणि ते तुलनेने लवकर कुजून चिकणमाती होतं. भूकवचात सगळ्यांत जास्त असतं ते फेल्स्पारच.

क्वॉर्ट्झची एक सवय आम्हाला नेहमी नडायची. 573 अंशांना त्याच्या जाळ्याचा पीळ सुटतो आणि ते एकदम फुगतं. साच्याच्या तोंडाची वाळू रस पडताच या टप्प्यातून जाते, वरची कातडी उचलते आणि कास्टिंगवर खपली उमटते. मी महिनाभर बेंटोनाइटचं प्रमाण बदलत बसलो होतो. वाळू फार बारीक आणि एकाच मापाची होती, हे नंतर लक्षात आलं. कुंभारही भट्टी थंड करताना घाई करत नाहीत त्याचं एक कारण हेच, कारण उतरताना तोच टप्पा उलटा येतो.

एक गोष्ट मुलीला प्रयोग करताना नक्की सांगा. गारगोटी किंवा वाळूचा दगड कोरडा घासायचा नाही, ओला करून घासायचा. क्वॉर्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. माझ्यासोबत काम केलेल्या दोघांना सिलिकोसिस झाला, चार पायऱ्या चढल्या तरी ते आता बसतात.

बाकी प्रयोग सोपा आहे. तुमच्या रानातली आणि मामांच्या शेतातली माती उन्हात वाळवा, कुटून चाळा, दोन सारख्या काचेच्या ग्लासांत एकाच खुणेपर्यंत भरा आणि वर पाणी सोडा. रात्रभर ठेवा, सकाळी दोन्ही खुणा बघा.