लिमिनॅलिटी, कम्युनिटास, सेक्रेड-प्रोफेन म्हणजे नक्की काय? आपल्याकडच्या उदाहरणाने कुणी सांगेल का?

प्रश्न विचारणाऱ्यांनी खाली लिहिलंय की एमएला धर्माचं समाजशास्त्र हा पेपर घेतलाय, नोट्समधली सगळी उदाहरणं चर्च नाहीतर ऑस्ट्रेलियातले आदिवासी, त्यामुळे व्याख्या पाठ होते पण डोक्यात काही बसत नाही. आणि दुसरा प्रश्न असा की घरात माळकरी वातावरण आहे, तर देव मानणाऱ्याने हा विषय घेतलेला चालतो का.

मी हाच पेपर दिलाय आणि त्याच्या आधी-नंतर माउलींच्या पालखीबरोबर थोडंफार चाललोय, म्हणून वारीच घेतो. वारी घ्यायला अजून एक कारण आहे, ते पुढे येईल.

सेक्रेड आणि प्रोफेन, म्हणजे पवित्र आणि लौकिक, हे आधी, कारण ते सोपं आहे. एमिल दुर्खाइम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1912 मध्ये मांडलं की धर्म ओळखायचा तो देवावरून नाही, तर समाज काही गोष्टी वेगळ्या काढतो, त्यांना हात लावायचे नियम करतो, आणि बाकी सगळं रोजचं, लौकिक राहतं, त्यावरून. (तुमच्या नोट्समधले ऑस्ट्रेलियातले आदिवासी त्याच्याच पुस्तकातले, आणि गंमत म्हणजे हा माणूस स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेलाच नाही, दुसऱ्यांची वर्णनं वाचून लिहिलं.) आता रिंगण आठवा. माउलींचा अश्व, पाठीवर स्वार नाही, कारण त्यावर माउली बसलेत, तो धावत जातो आणि तो गेल्या गेल्या लोक अक्षरशः आडवे पडून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, पुडीत बांधून घरी नेतात. त्याच माळावर आदल्या दिवशी शेळ्या चरत होत्या, आणि ती माती बुटाला लागली असती तर आपण झटकलीच असती ना? म्हणजे पवित्रपणा मातीत नाहीये, सगळ्यांनी मिळून तिला दिलेल्या जागेत आहे, हे दुर्खाइमचं म्हणणं. आणि त्या क्षणी अंगावर जो काटा येतो, अनोळखी माणसाबरोबर फुगडी घालावीशी वाटते, त्याला तो कलेक्टिव्ह इफर्व्हसन्स, म्हणजे सगळ्यांना मिळून येणारं उधाण, म्हणतो. परीक्षेत हे एक उदाहरण नीट लिहिलंत तरी पुरे.

लिमिनॅलिटीचं मूळ व्हॅन जेनेप या विधींच्या अभ्यासकाकडे, 1909. त्याचं म्हणणं, माणूस एका अवस्थेतून दुसरीत जातो तेव्हा तीन टप्पे असतात, आधी तोडणं, मग मधली अवस्था, मग परत सामावून घेणं. लग्नच बघा, हळद लागली की नवरीने घराबाहेर पडायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही, धड माहेरची नाही धड सासरची नाही, आणि माप ओलांडून आत आली की संपलं. हा जो मधला उंबरठ्यावरचा काळ आहे ना, तीच लिमिनॅलिटी, आणि ती कल्पना व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने उचलली. त्याने झांबियातल्या न्डेम्बू लोकांत काम केलं होतं, तिथे होऊ घातलेल्या प्रमुखाला आदल्या रात्री एका झोपडीत बसवून लोक वाट्टेल ते बोलतात, तू स्वार्थी आहेस, तू चिडका आहेस, आणि तो मान खाली घालून गप ऐकतो. दुसऱ्या दिवसापासून तोच राजा. त्या मधल्या काळात पद नाही, मान नाही, आणि अशा अवस्थेत एकत्र असलेल्या माणसांमध्ये जी बरोबरी तयार होते, तिला टर्नर कम्युनिटास म्हणतो.

वारीत हे डोळ्यांनी दिसतं. ऑफिसात साहेब असलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसून पत्रावळीवर जेवतो, नाव कुणी विचारत नाही, सगळे माउली, आणि ज्याच्या पाया पडायला वाकावं तोच आधी आपल्या पाया पडतो.

पण इथेच थांबलात तर उत्तर अर्धं राहील, आणि नव्वद टक्के पोरं इथेच थांबतात. टर्नरने 1974 च्या पुस्तकात तीर्थयात्रांवर लिहिताना खुद्द पंढरपूरची वारी घेतलीय, आणि त्यासाठी ज्यांच्यावर विसंबलाय त्यात आपल्या इरावती कर्वे आहेत. बाई वारीला चालत गेल्या होत्या, त्यावर त्यांनी मराठीत लिहिलं आणि 1962 ला ते इंग्रजीतही आलं. ज्यांची माणसं पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही व्याख्या त्यांना तिथेच सापडली, ते सगळ्यांना माहीत असतं. मात्र त्याच लेखात त्यांनी हेही नोंदवलंय की त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकत्र चालायचे, एकत्र अभंग म्हणायचे, आणि जेवायच्या वेळी चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. बाईंना ते लागलं होतं. मग कम्युनिटास कुठे गेलं?

टर्नरकडे याचं उत्तर आहे, म्हणजे अर्धं तरी. तो म्हणतो कम्युनिटास तीन प्रकारचं, एक आपोआप उसळणारं, एक नियमात बसवलेलं, एक फक्त आदर्श म्हणून सांगितलेलं. वारी बहुतेक वेळ दुसऱ्या प्रकारात असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली, त्यामुळे कुठली दिंडी रथापुढे, कुठली रथामागे, कितव्या नंबरला, सगळं ठरलेलं, आणि त्या नंबरावरून मानापमान होतात बरं का. मुक्कामी समाजआरती कधी पाहिली नसेल तर पाहा. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि चोपदार चोप वर करतो, की क्षणात हजारो माणसं गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं विचारतात, तंटा मिटला की टाळ थांबतात, आणि मग हरवलं-सापडलं, उद्याची निघायची वेळ वगैरे सांगून आरती. मला विचाराल तर कुठल्याही पुस्तकापेक्षा हा सीन ‘नियमात बसवलेली बरोबरी’ जास्त चांगली समजावतो, कारण भांडणसुद्धा टाळ वाजवूनच करायचं असतं.

टर्नरला सगळ्यात जोरदार टोला 1991 मध्ये जॉन ईड आणि मायकेल सॉलनाऊ यांनी दिला, की यात्रेत बरोबरी-बिरोबरी काही आपोआप येत नाही, ती जागाच मुळात वेगवेगळ्या लोकांच्या ओढाताणीची असते. त्यांनी ख्रिस्ती यात्रा बघून लिहिलं, पण आपल्याला फार लांब जायला नको. चोखामेळ्याची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या बाहेर आहे, आणि देवळात दलितांना जाता यावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात तिथे उपोषणाला बसावं लागलं. शतकानुशतकं वाटेवर माउली आणि दारात आल्यावर बाहेर. मला स्वतःला ईड-सॉलनाऊ जरा एकांगी वाटतात, त्यांच्या वाचनात रिंगणातला तो आनंद कुठे बसतच नाही, पण टर्नरचं एकट्याचं वाचून वारी कळत नाही हेही तितकंच खरं.

व्हॅन जेनेपच्या तिसऱ्या टप्प्यासाठी पौर्णिमेचा गोपाळपूरचा काला लिहा, काला झाला की वारी फळली, लोक चुरमुरे-बुक्का घेऊन एसटीने घरी. पालखी मात्र परत आळंदीला चालतच येते, परतवारी म्हणतात तिला, आणि पंढरपूरला जाताना जी लाखोंची गर्दी असते ती परत येताना कुठल्या कुठे जाते, थोडेच लोक बरोबर असतात. यावर कुणी फार लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, तुम्हाला प्रोजेक्ट करायचा असेल तर विषय फुकट देतोय.

आता दुसरा प्रश्न. देव मानणाऱ्याने हा विषय घेतलेला अगदी चालतो. निनियन स्मार्ट, ज्यांनी 1967 ला इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठात धर्मांच्या अभ्यासाचा विभाग उभा केला, त्यांची भूमिका अशी की अभ्यास करताना देव आहे की नाही हा निकाल द्यायचाच नाही, तो प्रश्न बाजूला ठेवायचा. त्यासाठी एमिक आणि एटिक ही जोडी लक्षात ठेवा, 1954 मध्ये केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञाने काढलेली. पायाला फोड आलेली आजी म्हणते “मी कुठं चालते, माउली चालवते”, हे एमिक, म्हणजे आतल्या माणसाचं म्हणणं, आणि ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. गटाबरोबर चालल्याने थकवा कमी जाणवतो, असं तुम्ही लिहिलंत तर ते एटिक, म्हणजे बाहेरून बघणाऱ्या अभ्यासकाचं म्हणणं. आजीच्या वाक्यावर “खरं तर” असा शेरा मारून तिला खोडायचं नाही, आणि पेपरात माउली चालवते हे कारण म्हणूनही द्यायचं नाही. घरी आल्यावर माळ घालून हरिपाठ म्हणायला कुणी अडवलेलं नाहीये, आमच्या वर्गात म्हणणारे होते आणि त्यांचे इंटरव्ह्यू आमच्यापेक्षा बरे व्हायचे, कारण कुणाला काय विचारायचं नाही हे त्यांना आधीच माहीत असायचं.